पैलवानाचा आवाज

माझ्या हातची एकही वस्तू आजवर मोडलेली नाही. ही फुशारकी नाही, घरी येऊन बघून जा! अकरा वर्षं मी सुतारकाम करतोय. आधी नोकरी सांभाळून फक्त रविवारी, आणि निवृत्त झाल्यापासून रोज. या अकरा वर्षांत स्वयंपाकघरातलं स्टूल झालं, पुस्तकांचं कपाट झालं, चपलांची मांडणी झाली, दोन बाकं झाली, बायकोच्या शिवणयंत्राचं टेबल झालं. कुणी पडलं नाही, कुणाला खरचटलं नाही. आणि हे सगळं कुणाकडेही न शिकता, केवळ उपजत बुद्धीवर!

आता खोटं कशाला बोलू, माझी वस्तू नवी असताना जराशी डुगडुगते. स्टुलाचा एक पाय अधांतरी होता. कपाटाचं दार आपलं आपण उघडायचं. शिवणयंत्राचं टेबल तर बायको शिवायला बसली की तिच्यासकट भिंतीकडे सरकायचं. पण आठ-दहा दिवसांत सगळं आपोआप जागेवर येतं. याचं शास्त्र मी स्वतः शोधून काढलंय. लाकूड रुळतं! ऑफिसात नवा कारकून पहिले आठ दिवस बावरलेला असतो आणि नंतर खुर्चीला असा चिकटतो की उठवता उठत नाही, तसंच आहे हे. लाकडाला घराची सवय व्हावी लागते.

हा सिद्धांत मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. एकदा तर गल्लीतल्या मिस्त्रीलाच ऐकवला. तीस वर्षं सुतारकी केलेला माणूस, पण त्याने एका शब्दाने वाद घातला नाही. हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला, थोडा वेळ जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "रुळतं साहेब. काही लाकडांना जरा वेळ लागतो, एवढंच."

या मिस्त्रीला पाणी मात्र फार लागतं. त्याचं दुकान आमच्या दारापासून वीस पावलांवर आहे. अधूनमधून मी मागच्या खोलीतून बाहेर यावं, तर हा आमच्या बैठकीच्या खोलीत उभा राहून घटाघटा पाणी पीत असतो. खांद्याला हत्यारांची पिशवी, कपाळावर घाम. त्याच्या दुकानात माठ नाही का, असं मी बायकोला एकदा विचारलं. ती म्हणाली, आपल्याकडचं पाणी त्याला मानवतं. मीही मग फार खोलात गेलो नाही. तहानलेल्याला पाणी द्यावं, चौकशा करू नयेत.

मागची खोली म्हणजे माझी कार्यशाळा. बायको तिला भुशाची खोली म्हणते. निवृत्तीनंतर मी दिवसचे दिवस तिथे काढायला लागलो तसा मला खोकला जडला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना दिसतो तो भुसा झाडूने जातो, दिसत नाही तो छातीत जातो. त्याच आठवड्यात बायकोने मला दुकानात नेऊन हवा गाळायचं यंत्र घेऊन दिलं. दुकानदाराने दोन यंत्रं लावून दाखवली होती. एक इतकं गुपचूप चालायचं की ते चालू आहे हे दिव्यावरून ओळखावं लागायचं. दुसरं सुरू केलं तसा शेजारच्या दुकानातला माणूस काय झालं म्हणून रस्त्यावर आला. बायकोने क्षणाचाही विचार न करता दुसऱ्यावर बोट ठेवलं. "हे दणकट वाटतंय," ती म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिलो. माझ्या छातीची केवढी ही काळजी!

तेव्हापासून ते धूड चार साखळ्यांनी माझ्या छताला लटकलंय. मी त्याचं नाव पैलवान ठेवलं. रोज दुपारी तीन वाजता मी कामाला लागायचो, पैलवान घुमायला लागायचा आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातल्या ताटल्या किणकिणायच्या. मला कानांवर जाड टोप चढवावे लागायचे. टोप नसते तरी काही फरक पडला नसता म्हणा. पैलवान चालू असताना घरात बँड वाजला असता तरी मला पत्ता लागला नसता.

एवढं असून बायकोने चार वर्षांत एकदा म्हणून तक्रार केली नाही. उलट एखाद्या दिवशी तीन वाजून गेले आणि आवाज आला नाही, तर दारातून डोकावून विचारायची, "आज नाही का लावणार?" सोसण्यालाही काही हद्द असते हो!

तर झालं असं की सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने मुलाकडे काढून त्या गुरुवारी चार वाजता आमच्याकडे मुक्कामाला यायच्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की बसायला उंच, हातांची, भक्कम खुर्ची हवी. पुन्हा पडल्या तर उभ्या राहतील याची खात्री नाही. बायको म्हणाली, खुर्ची विकतची आणू. जावयाचे हात शाबूत असताना सासू विकतच्या खुर्चीत बसणार? मी तीन आठवडे खपून खुर्ची केली. उंच पाठ, रुंद हात, पायांना नक्षी! आदल्या शुक्रवारी तिला पॉलिशचा शेवटचा हात दिला आणि जाहीर केलं की सोमवारपर्यंत कुणी बोटही लावायचं नाही.

आता प्रश्न उरला पैलवानाचा. सासूबाईंची खोली म्हणजे कार्यशाळेच्या भिंतीला भिंत. आजारी माणसाला आराम हवा, आणि इकडे पैलवान शड्डू ठोकतोय, हे कसं चालेल? मी बायकोला म्हटलं की आता याचं तोंड बंद करायलाच हवं. ती दचकली. म्हणाली, राहू द्या, आई दुपारी तिचं कानातलं मशीन काढून ठेवते, तिला काही ऐकू येणार नाही. मग म्हणाली, मलाही त्या आवाजाशिवाय करमत नाही. ऐकून मला भरून आलं. चार वर्षं या बाईने कान किटेपर्यंत ऐकलं आणि वर मलाच धीर देतेय! मी मनाशी पक्कं केलं. गुरुवारच्या आत पैलवानाला मुका करायचा, आणि तोही तिच्या नकळत, म्हणजे एकदमच आश्चर्याचा धक्का.

शुक्रवारी पहिला डाव टाकला. साखळ्या जिथे छताला मिळतात तिथे रबर घातलं की हादरा छतात उतरत नाही, असं मी वाचलं होतं. घरात रबर म्हणाल तर बायकोच्या घरात घालायच्या चपला. चार चकत्या कापल्या, चारही साखळ्यांना बसवल्या. ताटल्यांची किणकिण थांबली, हे खरं. पण पैलवान आता झोपाळ्यावर बसल्यासारखा झोके घ्यायला लागला आणि त्याचा स्वतःचा आवाज होता तेवढाच राहिला. बायको दिवसभर अनवाणी चपला शोधत फिरली. मीही तिच्याबरोबर मनापासून शोधल्या.

शनिवारी दुसरा डाव. मी पैलवानाला रजई गुंडाळली. आवाज अर्ध्यावर आला आणि मी टाळी वाजवणार इतक्यात पैलवानाने रजईचं टोक आत ओढलं. दुसऱ्या तोंडाने कापूस बाहेर यायला लागला. मी बटणापर्यंत पोचेस्तोवर खोलीत कापसाशिवाय काही दिसेना. बायको दारात आली. तिने डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला नवरा पाहिला, वर लटकणारी रजईची चिंधी पाहिली.

"झाली का हवा स्वच्छ?" तिने विचारलं आणि झाडू आणायला गेली.

मग मात्र मी शांतपणे बसून विचार केला. आवाज सरळ जातो, हवा वळणं घेऊ शकते. म्हणजे पैलवानाला अशा पेटीत बसवायचं की हवा तीन वळणं घेऊन आत येईल, तीन वळणं घेऊन बाहेर जाईल, आणि आवाज प्रत्येक वळणावर जाड लोकरी कापडात डोकं आपटून मरेल. पुढे बिजागरीचं झाकण ठेवायचं, फिल्टर झटकायला. रविवार, सोमवार मी त्या पेटीवर खपलो. कुणाला दाखवायची नव्हती, छताला लटकणार होती, म्हणून नक्षी नाही की गोलाई नाही. नुसतं माप घ्यायचं, कापायचं, पुन्हा माप घ्यायचं. फट राहिली तर आवाज गळेल, म्हणून प्रत्येक जोड मी कागद घालून तपासला. कागद जात नव्हता! माझ्याच कामाकडे बघून मला जरा परकं परकं वाटलं.

सोमवारी संध्याकाळी खुर्ची बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवली. बायकोने हळूच हात टेकवला तशी खुर्ची तिच्याकडे झुकली आणि कुरकुरली. मागचा डावा पाय जमिनीपासून करंगळीभर वर होता.

"गुरुवारपर्यंत रुळेल का हो?" तिने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. मी तिला म्हटलं की या वेळचं लाकूड चांगल्या घरचं आहे, काळजी करू नकोस.

मंगळवारी तीन वाजता पेटी चढवली. आधी झाकण उघडं ठेवून पैलवान सुरू केला, म्हणजे फरक कळावा. दहा-पंधरा मिनिटं त्याला पोटभर ओरडू दिलं. मग कानांवरचे टोप काढले, श्वास रोखला आणि झाकण लावलं. आणि काय सांगू! आवाज गेला. नुसती बारीक हुं हुं उरली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. चार वर्षांत पहिल्यांदा पैलवान चालू असताना मी माझ्या खोलीतलं घड्याळ ऐकलं.

आणि त्या शांततेत आवाज आला: टक, टक. मग काही नाही.

मी झाकण उघडलं, पैलवान गरजला. एक मिनिट थांबून झाकण लावलं. टक. पुन्हा चिडीचूप. बारा वेळा उघडलं, बारा वेळा लावलं, कागदावर मांडत गेलो. नऊ वेळा झाकण लागल्या लागल्या एक-दोन टक ऐकू आले आणि लगेच थांबले. माझ्यासारख्या चिकित्सक माणसाला एवढा पुरावा पुष्कळ होता. पैलवानाच्या पोटात काहीतरी सैल झालं होतं. मोठा आवाज असताना ते ठोकत राहायचं आणि शांतता झाली की दोन ठोके देऊन गप्प बसायचं.

मी बाहेर आलो तर मिस्त्री उभा. पाण्याचा पेला तोंडाला, दुसरा हात पाठीमागे. बायको खुर्चीच्या पुढ्यात हात पसरून उभी होती. मी म्हटलं, बरे भेटलात, टकटक असा काही आवाज ऐकलात का? दोघांनीही एकदमच नाही म्हटलं. मग मी मिस्त्रीला आत नेऊन पैलवान दाखवला, सगळी हकीकत सांगितली, कागद दाखवला. त्याने कागद फार गंभीरपणे वाचला. पेटीवरून हात फिरवला, जोडावर अंगठा घासला, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग पैलवानाला कान लावला.

"आतला दोष आहे साहेब," तो म्हणाला. "पण झाकण उघडं टाकून दीड तास पूर्ण आवाजात पळवा. मध्ये बंद करू नका. आपोआप जाईल."

दारातून बायकोनेही दुजोरा दिला. म्हणाली, अनुभवी माणूस आहे, ऐका त्यांचं. पण मी वरवरची मलमपट्टी करणाऱ्यांतला नाही! दोष मुळापासून काढायचा असतो. मी तिथल्या तिथे बटण बंद केलं, पैलवानाला खाली उतरवलं आणि पेचकस काढला. बायको दाराला टेकून खाली बसली. मला वाटलं, यंत्राच्या काळजीने.

बुधवारचा अख्खा दिवस पैलवान टेबलावर सुटा होऊन पडला होता. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. दर तासाला मी पाय मोकळे करायला बाहेर यायचो, खुर्चीला हात लावून ती रुळली का बघायचो. ती अजिबात रुळत नव्हती. उलट मंगळवारनंतर उजवा हातही हलायला लागला होता, जणू कुणी तो अर्धवट सोडवून ठेवला असावा. बायको दिवसभरात तीनदा विचारून गेली, यंत्र कधी लागणार. रात्रीच्या जेवणाआधी सगळे भाग परत जोडून झाले. दोन स्क्रू उरले, पण एवढं चालायचंच.

गुरुवारी सकाळी दहाला पैलवान पेटीत चढवला, झाकण लावलं, बटण दाबलं. नुसती हुं हुं. आणि टकटक अजिबात नाही! दोष मुळापासून गेला होता. मी रंधा हातात घेऊन मजेत बसलो आणि बायकोची वाट बघायला लागलो.

साडेदहाला ती आलीच. केस विस्कटलेले, डोळे झोप न झाल्यासारखे.

"आज लावणार नाही का?"

"लावलंय!" मी म्हटलं आणि जाळीसमोर कागदाचा कपटा धरला. तो फट्दिशी जाळीला चिकटला. हवा खेचली जात होती आणि आवाज नव्हता.

बायकोने कपट्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, अगं, एवढं काय, तुझ्यासाठीच केलं. तिने डोळे पुसले आणि तासभर झाकण उघडं ठेवाल का म्हणून विचारलं. मी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि सांगितलं की आता तुला काही सोसायची गरज नाही. ती गेली, आणि मी स्वतःवर खूश होऊन फळीवर रंधा टेकवला.

रंधा पुढे ढकलणार, तेवढ्यात तिचं बोलणं कानावर आलं. ती बैठकीच्या खोलीत फोनवर बोलत होती, हळू आवाजात. पण कानांवर टोप नव्हते, पैलवान मुका होता, आणि माझ्या पेटीतून काडीचाही आवाज गळत नव्हता.

"मिस्त्री, आज आवाज यायचा नाही... चालूच आहे हो, पण ऐकूच येत नाही, त्यांनी तसली पेटी बसवलीय... नको, तुम्ही येऊ नका, ठोकलेलं सगळं आत ऐकू जाईल. पाचर कुठून घालायची तेवढं सांगा, मीच बघते..."

मी रंधा खाली ठेवला.

"चार वाजता आई बसणार आहे त्या खुर्चीवर. दोन महिने ती पावलं मोजत चालतेय... त्यांना सांगू? कसं सांगू? स्टूल झालं, कपाट झालं, टेबल झालं, अकरा वर्षांत एकदा तोंडातून शब्द काढला नाही. रोज त्या खोलीत जाताना हा माणूस गुणगुणत जातो हो. ते गुणगुणणं थांबलं तर मी काय करायचं?"

मी गुणगुणतो हे मला माहीतच नव्हतं.

मग फोन ठेवल्याचा आवाज आला. जरा वेळाने दुसरा आवाज आला. फडक्यात गुंडाळलेल्या कशाने तरी कुणीतरी भीत भीत ठोकत होतं. टक. थोडं थांबून, टक. तोच! मंगळवारी बारापैकी नऊ वेळा ऐकलेला, ज्याच्यासाठी मी पैलवानाचं पोट फाडलं होतं, तोच टक.

मी बाकावर बसलो. हे बाकही डुगडुगत नव्हतं. वाकून खाली बघितलं. चारही पायांना आतून जाड ठोकळे लावलेले, पेन्सिलीची खूण केलेले. खूण माझी नव्हती. मला एकेक गोष्ट आठवत गेली. नोकरीत होतो तोवर मी दिवसभर घराबाहेर असायचो. निवृत्त होऊन घरात ठाण मांडून बसलो, आणि त्यानंतर तिने दुकानातलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं यंत्र निवडलं. तीन वाजले की "आज नाही का लावणार?" आणि तो मिस्त्री, बिचारा! चार वर्षं तहान नसताना पाणी प्यायला. मला राग यायला हवा होता. आला नाही.

बाहेर जाऊन सगळं कबूल करावं, असं वाटलं. पण मी कबूल केलं असतं तर तिचं अकरा वर्षांचं काम एका मिनिटात मातीमोल झालं असतं. मला जोडकाम येत नसेल, पण एवढं कळतं.

मी स्टुलावर चढलो आणि झाकण उघडलं. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून पेटीच खाली उतरवली. पैलवान मोकळा झाला आणि असा गरजला की चपलांच्या चकत्या असूनही पलीकडे ताटल्या वाजल्या असाव्यात. खिडकीतून गल्ली दिसते. दोन मिनिटांत मिस्त्री दुकानातून निघाला. पिशवी काखेत मारून हा पन्नाशीचा माणूस चक्क पळत होता. मी कानांवर टोप चढवले, पेटीवर बसलो आणि दीड तास बसून राहिलो. रंधा नाही, करवत नाही. खोलीत भुशाचा कण नव्हता आणि पैलवान जीव तोडून हवा गाळत होता. मधूनच बायको दारातून डोकावली. मी तिच्याकडे न बघता रिकाम्या फळीवर मन लावून माप घ्यायला लागलो.

चार वाजता सासूबाई आल्या. वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत खुर्चीपर्यंत पोचल्या, वळल्या आणि आधी दोन्ही हातांवर भार देऊन बसल्या. मी आणि बायको, दोघांनीही श्वास धरला होता. दोघांनाही माहीत होतं, पण एकमेकांना माहीत नव्हतं. म्हणजे तिचं मला माहीत होतं आणि माझं तिला माहीत नव्हतं. जाऊ द्या. खुर्ची हलली नाही. कुरकुरली नाही. सासूबाईंनी पाठ टेकली, हातांवर थापट्या मारून पाहिल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "दोन महिन्यांत आज पहिल्यांदा बसताना भीती वाटली नाही."

बायकोने तोंड फिरवलं. मी म्हटलं, लाकूड रुळलं. दारात मिस्त्री पाण्याचा पेला घेऊन उभा होताच. तो म्हणाला, काही लाकडं फार लवकर रुळतात साहेब.

पैलवानाची पेटी का काढली, असं बायकोने नंतर विचारलं. पैलवानाला आत दम लागत होता, असं मी सांगितलं. ती म्हणाली, बरं केलंत. सासूबाई दुपारी कानातलं मशीन काढून ठेवतात आणि भिंतीपलीकडे शांत झोपतात. तीन वाजले की मी पैलवान सुरू करतो. मला सगळं माहीत आहे, मुद्दाम झाकून ठेवण्यासारखं घरात आता एवढंच उरलंय.

रिकामी पेटी मी आडवी करून सासूबाईंच्या पलंगाशी ठेवली, औषधं आणि चष्मा ठेवायला. आणि मग एक नाद लागला. रोज पैलवान बंद केला की जाऊन पेटी उलटी करून बघायचो. कुठे नवी पाचर? कुठे ठोकळा? कुठे पेन्सिलीची खूण? आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले. काही नाही! माझ्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीतली ही पहिली वस्तू होती जिला मिस्त्रीने हात लावला नव्हता. मी गल्लीतून छाती काढून चालायला लागलो. मिस्त्री मात्र हल्ली मला बघून नमस्कार करायचा आणि मान फिरवायचा.

परवा संध्याकाळी चहा घेऊन बायको माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ कपाच्या कानाशी चाळा करत होती.

"एक विचारू? रागवायचं नाही. ती पेटी कुणाकडून करून घेतलीत?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"मिस्त्री पाणी प्यायला आला होता तेव्हा त्याचं पुन्हा सहज तिच्याकडे लक्ष गेलं," ती म्हणाली. "म्हणाला, हे दुसऱ्या कारागिराचं काम आहे. फार चांगला हात आहे म्हणाला. त्याला जरा लागलंय ते. इतकी वर्षं शेजारी असून तुम्ही बाहेरचा माणूस बघितलात."

"मी केली," मी म्हटलं. "मी स्वतः. दोन दिवसांत. देवाशप्पथ!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं ज्या नजरेने तिने माझं स्टूल, माझं कपाट आणि माझं टेबल पाहिलं असेल, त्याच नजरेने. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"बरं," ती हळूच म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही."

मी चहा संपवला, उठलो आणि मागच्या खोलीत गेलो. गुणगुणत. दुसरं काय करणार?